फास्ट नक्की कोण? इंग्रजीतल्या शब्दांच्या जातींचा घोळ

सईची_आई
रात्रीचे साडेदहा वाजलेत, लेक झोपली आहे आणि मी तिची व्याकरणाची वही उघडून बसले आहे. मदत हवी आहे.

लेक सहावीत. चाचणीत 'शी रन्स फास्ट' या वाक्यातल्या फास्टची जात विचारली होती. तिने ॲडजेक्टिव्ह लिहिलं, फुली मिळाली. बरोबर उत्तर ॲडव्हर्ब. आता तिचं म्हणणं असं की पुस्तकात ॲडजेक्टिव्हची यादी दिली आहे, तिथे बिग, स्मॉल, स्लो, फास्ट असं स्वच्छ छापलंय. शिवाय ॲडव्हर्बच्या शेवटी एल-वाय असतं असं वर्गात सांगितलंय, आणि फास्टला ते नाही. "मग माझं चुकलं कुठे?" मी "वाक्यात बघायचं असतं गं" असं काहीतरी पुटपुटले. त्यावर म्हणते, "मग यादी पाठ कशाला करायला लावली?"

दुसरी फुली 'शी वेंट होम' मधल्या होमवर. तिने नाउन लिहिलं होतं. होम म्हणजे घर, घर म्हणजे नाम. मीसुद्धा तेच लिहिलं असतं, खोटं कशाला बोलू.

मला आठ जातींची नावं एका दमात म्हणता येतात, इंग्रजीतली आणि मराठीतलीही. वाक्य समोर आलं की मात्र अंदाजपंचे. तर प्रश्न दोन. हे पाठांतराशिवाय कसं शिकवायचं? आणि मुळात शिकवायची गरज आहे का?

रातकिडा
पहिला! जाणकारांच्या प्रतीक्षेत जागा धरून बसलोय.

वटवट_सम्राट
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मी इंग्रजी शिकलो ते रेडिओवरचं क्रिकेट समालोचन ऐकून. आज दिवसभर परदेशातल्या लोकांशी फोनवर बोलतो. एकानेही अजून मला प्रीपोझिशन म्हणजे काय ते विचारलेलं नाही. आपण मराठी शिकलो तेव्हा आईने आधी उभयान्वयी अव्यय शिकवलं होतं का?

लिंबूटिंबू
+१. पोहायला शिकताना पाण्याचं रसायनशास्त्र कशाला?

मोरपीस
सम्राट, आईची भाषा आणि शिकलेली भाषा यांत फरक आहे. एक साधं उदाहरण देते. 'आय ॲम ॲग्री' हे वाक्य तुम्ही कधी ऐकलंय का? मी रोज ऐकते, चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांकडून. ते का होतं? मराठीत 'मी सहमत आहे'. सहमत हे विशेषण, म्हणून त्याला 'आहे' लागतं. इंग्रजीत ॲग्री हे स्वतःच क्रियापद आहे, त्याला 'ॲम'चा टेकू नको.

याच्या बरोबर उलटं म्हणजे 'आय अफ्रेड ऑफ डॉग्ज'. आपण म्हणतो 'मी घाबरतो', क्रियापद. इंग्रजीत अफ्रेड हे विशेषण, म्हणून तिथे 'ॲम' हवंच. दोन्ही चुका एकाच मुळातून येतात: अर्थ सारखा, जात वेगळी. कानाने शिकणाऱ्याला ही चूक ऐकू येत नाही, कारण आजूबाजूचे सगळे तीच करत असतात.

वटवट_सम्राट
... मी आज सकाळच्या मीटिंगमध्ये 'आय ॲम ॲग्री' म्हणालो होतो. तुम्ही तिथे होतात का?

लिंबूटिंबू
हहपुवा =))

निवृत्त_मास्तर
पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातली पहिली दहा वर्षं तुमच्या लेकीच्या पुस्तकासारखीच शिकवली: व्याख्या, यादी, फळ्यावर आठ खणांचा तक्ता. मुलं भराभरा खण भरायची आणि वाक्य दिलं की गारठायची.

घोळ यादीचा आहे. यादीतला शब्द रिकामा बसलेला असतो. वाक्यात गेला की त्याला काम लागतं, आणि इंग्रजीत जात ठरते ती त्या कामावरून. राउंड हा शब्द घ्या. 'अ राउंड टेबल' मध्ये टेबल कसं आहे ते सांगतो, विशेषण. 'द फर्स्ट राउंड' म्हणजे पहिली फेरी, नाम. 'दे राउंडेड द कॉर्नर' मध्ये त्याने भूतकाळाचा प्रत्यय अंगावर घेतला, क्रियापद. 'शी टर्न्ड राउंड' मध्ये ती कशी-कुठे वळली ते सांगतो, क्रियाविशेषण. 'राउंड द वर्ल्ड' मध्ये पुढच्या नामाला धरून उभा आहे, प्रीपोझिशन. एका शब्दाची पाच कामं. याला यादीत कुठल्या खणात घालणार?

मराठी मुलाला हे जड जातं याचं कारण आहे. आपल्याकडे शब्दाची शेपटी बोलते. धाव, धावतो, धावणारा, धावत, धावून: शेवटाकडे बघितलं की कळतं कोण काय करतंय. इंग्रजीच्या शेपट्या काळाच्या ओघात झडल्या. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्ती होती, विशेषणांना लिंग-वचनाप्रमाणे प्रत्यय होते. ते गेले, आणि शब्दाची ओळख त्याच्या जागेवर येऊन ठेपली. मी वर्गात सांगायचो, मराठीत शब्दाची शेपटी बघा, इंग्रजीत त्याची खुर्ची बघा.

आता फास्ट. मुलीला 'कसं धावते' हा प्रश्न विचारायला सांगून भागत नाही, कारण ती हुशार असेल तर म्हणेल, धावणारी मुलगीच फास्ट आहे की! तिला अशी जोडी द्या जिची दोन रूपं वेगळी आहेत: क्विक आणि क्विकली. फास्ट काढून तिथे दोन्ही बसवून बघ म्हणावं. 'शी रन्स क्विकली' बसतं, म्हणजे फास्ट तिथे ॲडव्हर्ब. 'शी इज अ फास्ट रनर' मध्ये क्विक बसतं, म्हणजे तिथे ॲडजेक्टिव्ह. व्याख्या आठवायची गरजच पडत नाही.

सईची_आई
मास्तर, दंडवत! हे उद्याच करून बघते. शेपटी आणि खुर्ची तिला नक्की आवडणार.

बोरू_बहाद्दर
मास्तरांना पूरक. फास्टच्या मागे एल-वाय का नाही याला इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी 'ए'चा उच्चार जोडून क्रियाविशेषण करायचे. फास्ट हे विशेषण, फास्ट-ए हे क्रियाविशेषण. पुढे शेवटचा तो 'ए' बोलण्यातून गळून पडला आणि दोन्ही रूपं सारखी दिसू लागली. म्हणजे सईची चूक एका गळालेल्या स्वरामुळे झाली. तिला सांगा, हजार वर्षांपूर्वी तुला पैकीच्या पैकी मिळाले असते.

एल-वायचा नियमही अर्धाच सांगतात. विशेषणाला एल-वाय लावलं की बहुतेक क्रियाविशेषण होतं: स्लो-स्लोली. नामाला लावलं की विशेषण होतं: फ्रेंड-फ्रेंडली, कॉस्ट-कॉस्टली, लव्ह-लव्हली. म्हणून 'ही स्पोक फ्रेंडली' हे कानाला खटकतं. आणि अर्ली, डेली हे दोन्हीकडे नांदतात, त्यांच्या नादी लागू नये.

रातकिडा
'ही वर्क्स हार्ड' आणि 'ही हार्डली वर्क्स' (हार्डली म्हणजे जेमतेम). माझ्या साहेबांना पहिलं माझ्याबद्दल म्हणायचं होतं, ते दुसरं लिहून बसले. की त्यांना दुसरंच म्हणायचं होतं, ते अजून कळलेलं नाही.

तिरकस_तात्या
मुळात आपण त्यांना 'जाती' म्हणतो इथेच वांधे आहेत. जात म्हटलं की मनात येतं, जन्माला चिकटलेली, मरेपर्यंत न सुटणारी. इंग्रजीत नुसतं 'बोलण्याचे भाग' म्हणतात, त्यात कुणी कुणाला चिकटवलेलं नाही. मास्तर म्हणतात तसं असेल तर शब्दाची जात जन्मावरून नाही, कर्मावरून ठरते. शब्दांना जमलं ते...

असो. आवरतो.

मोरपीस
तात्या, थांबलात ते बरं केलंत, नाहीतर धागा भलत्याच फलकावर हलवला असता :)

पोथीनिष्ठ
जातीचं सोडा, या 'आठ' आकड्याची गंमत ऐका. दायोनिसियस थ्रॅक्स या ग्रीक व्याकरणकाराच्या नावावर जी छोटी पोथी आहे, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासची, तिच्यात शब्दांचे आठ वर्ग आहेत: नाम, क्रियापद, धातुसाधित, आर्टिकल (इंग्रजीतल्या अ, द सारखं), सर्वनाम, प्रीपोझिशन, क्रियाविशेषण, उभयान्वयी. नीट बघा, त्यात विशेषण नाही! ते नामातच धरलेलं. केवलप्रयोगीही नाही.

पुढे रोमन लोकांनी हा साचा लॅटिनसाठी उचलला. लॅटिनमध्ये आर्टिकल नाही. मग सात व्हायला हवेत ना? त्यांनी केवलप्रयोगींचा, म्हणजे उद्गारवाचकांचा, वेगळा वर्ग केला, आणि पुन्हा आठ! इंग्रजी व्याकरणांनी लॅटिनचा साचा घेतला तेव्हा ओढाताण चालूच राहिली. जोसेफ प्रीस्टली, ज्याचं नाव प्राणवायूच्या शोधाशी जोडलेलं आहे तोच, त्याने १७६१ मध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं आणि धातुसाधित काढून विशेषणाला स्वतंत्र जागा दिली. १७९५ मध्ये लिंडली मरे या लेखकाने आर्टिकल वेगळं धरून नऊ केले.

आपल्याकडे संस्कृतात निरुक्तकार यास्काने चार सांगितले: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीने तर दोनात आटोपलं: ज्याला सुप् (विभक्तीचे) प्रत्यय लागतात ते सुबन्त, ज्याला तिङ् (क्रियापदाचे) लागतात ते तिङन्त. अव्ययांनाही त्याने सुबन्तातच बसवलं, प्रत्यय लागतो आणि लोपतो असं म्हणून. मराठीत आठ आले ते इंग्रजी व्याकरणाचा नमुना डोळ्यासमोर असल्यामुळे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ चं.

तात्पर्य, सईला आठच का असा प्रश्न पडला तर तो तिचा एकटीचा नाही.

लिंबूटिंबू
म्हणजे पाणिनीच्या वर्गात असतो तर दोनच पाठ करायच्या होत्या? चुकीच्या काळात जन्मलो.

पोथीनिष्ठ
दोन जाती आणि जवळपास चार हजार सूत्रं. ये, बस.

रातकिडा
बस! बसमध्ये बस. एक केवलप्रयोगी, एक नाम, एक क्रियापद. मराठीलाही खुर्चीचा खेळ येतो हो मास्तर.

निवृत्त_मास्तर
क्या बात है. हे मला पस्तीस वर्षांत सुचलं नाही. फक्त 'बसमध्ये'ला शेपटी आलीच, तेवढं बघा.

त्याहून उपयोगी पडतो तो 'पुढे'. 'पुढे जा' मध्ये क्रियाविशेषण, 'घरापुढे' मध्ये शब्दयोगी. इंग्रजीतलं बिफोर, अप, इन हेच करतं. 'कम इन' मध्ये एकटं, 'इन द बॉक्स' मध्ये नामाला धरून. मुलांना आधी 'पुढे-मागे-वर-खाली' करून दाखवलं की इंग्रजीतलं पटकन पटतं. फरक इतकाच की आपला शब्दयोगी नामाच्या मागे चिकटतो आणि नामाला वाकायला लावतो, घर-घरापुढे. त्यांचा प्रीपोझिशन पुढे उभा राहतो आणि नाम जसंच्या तसं.

चष्मेबद्दू
प्रीपोझिशनसाठी आम्हाला एक युक्ती शिकवली होती. उंदीर आणि खोकं. उंदीर खोक्याच्या संदर्भात जिथे जिथे असू शकतो तो शब्द प्रीपोझिशन: इन, ऑन, अंडर, बिहाइंड, निअर, थ्रू. मला अजून आठवतं.

मोरपीस
युक्ती गोड आहे, पण उंदीर 'ऑफ द बॉक्स' किंवा 'ड्युरिंग द बॉक्स' कसा असेल? आणि इंग्रजीत सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रीपोझिशनमध्ये ऑफ येतो. युक्त्या पहिल्या आठवड्यापुरत्या ठीक.

चष्मेबद्दू
तरीच मला ऑफ कधी कळला नाही.

तिरकस_तात्या
युक्त्यांचं सोडा, व्याख्याच बघा ना. 'क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद.' मग स्फोट? मारामारी? उडी? सगळ्या दणदणीत क्रिया, आणि सगळी नामं. उलट 'ओन' म्हणजे मालकीचं असणे, 'सीम' म्हणजे वाटणे, 'बी' म्हणजे असणे, यांत काय हालचाल होते? माणूस झोपला तरी ही क्रियापदं चालू. पण व्याख्या तीच, पिढ्यान्पिढ्या.

निवृत्त_मास्तर
तात्यांशी सहमत, किंवा सम्राटांच्या भाषेत, आय ॲम ॲग्री. अर्थावरून जात ओळखायला गेलं की असं होतं. म्हणून मी कसोट्या वापरायचो. नाम वाटतंय? आधी 'द' लावा, अनेकवचन करून बघा. द एक्स्प्लोजन, एक्स्प्लोजन्स. झालं. क्रियापद वाटतंय? वाक्य कालचं करा, मग उद्याचं करा. जो शब्द बदलतो किंवा ज्याच्या आधी 'विल' येऊन बसतो तो क्रियापद. सीम-सीम्ड, ओन-ओन्ड, हालचाल असो नसो. विशेषणाला दोन खुर्च्या असतात, नामाच्या आधी आणि 'सीम्स'च्या नंतर. 'अ टॉल ट्री', 'द ट्री सीम्स टॉल'. बहुतेक विशेषणं दोन्हीकडे बसतात. अफ्रेडसारखी काही हट्टी एकाच जागी बसतात, 'ॲन अफ्रेड बॉय' होत नाही.

क्रियाविशेषणाला धड कसोटी नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. ती इंग्रजी व्याकरणाची अडगळीची खोली आहे. क्विकली, व्हेरी, ऑलवेज, नॉट, देअर, हे एकमेकांच्या जागी बसत नाहीत, तरी सगळे एका खोलीत. कुठे ठेवायचं कळलं नाही की तिथे टाकलं.

जी_प्रत्यय_जी
माझी शंका. 'माय' काय आहे? माझ्या मुलाच्या एका पुस्तकात प्रोनाउन आहे, दुसऱ्यात ॲडजेक्टिव्ह. शिकवणीतल्या सरांनी तिसरंच काहीतरी सांगितलं. पोरगं आता प्रत्येक उत्तरपत्रिकेत कोण तपासणार ते विचारून लिहितं.

निवृत्त_मास्तर
पोरगं पुढे जाणार.

बोरू_बहाद्दर
सरांनी सांगितलेलं तिसरं म्हणजे डिटर्मिनर असणार. हल्लीच्या व्याकरणांत माय, द, अ, धिस, सम यांचा वेगळा वर्ग करतात, कारण हे सगळे नामाच्या आधीच्या एकाच खुर्चीवर बसतात आणि तिथे दोघांना जागा नाही. 'द माय बुक' होत नाही, 'धिस माय बुक' होत नाही. खऱ्या विशेषणांची अशी अडचण नसते, 'बिग ओल्ड रेड' अशी रांग लागते.

हे आपल्याला मुद्दाम शिकावं लागतं, कारण मराठीत 'हे माझं पुस्तक' अगदी सुखाने नांदतं. म्हणून आपली मुलं 'धिस माय बुक इज न्यू' लिहितात. माय ही ॲडजेक्टिव्ह की प्रोनाउन या वादात वेळ घालवण्यापेक्षा, तिथे एकच जण बसतो एवढं कळलं तरी वाक्य सुधारतं.

वटवट_सम्राट
एक कबुली. मी या धाग्यावर चिडवायला आलो होतो. काल फोनवर 'आय ॲग्री' म्हटलं, तर जीभ अडखळली. बावीस वर्षांची सवय. पण माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही: जाती ओळखता आल्या म्हणून बोलता येत नाही. आमच्या वर्गात व्याकरणात पहिला येणारा मुलगा इंग्रजीत तोंड उघडायचा नाही.

मोरपीस
हे मात्र खरं आहे. मीही नकाशा म्हणूनच बघते त्याकडे. रस्ता चुकलात की उघडायचा.

कोडवाला
उशिरा आलो, पण हे माझ्या कामाचं. संगणकाला वाक्य देऊन प्रत्येक शब्दाची जात ठरवायला लावतात, त्याला टॅगिंग म्हणतात. त्यात आठ पुरत नाहीत. इंग्रजीसाठी गाजलेल्या पेन ट्रीबँक या संग्रहात विरामचिन्हं सोडून ३६ टॅग आहेत. एकवचनी नाम वेगळं, अनेकवचनी वेगळं, क्रियापदाचेच सहा प्रकार. अनेक भाषांना एकच माप लावायला केलेल्या युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या पद्धतीत १७ आहेत.

बातम्यांच्या इंग्रजीवर चांगली प्रणाली साधारण ९७ टक्के शब्द बरोबर ओळखते. ऐकायला झकास. पण वीस शब्दांचं वाक्य घ्या आणि वीस वेळा ०.९७ मांडून एकमेकांशी गुणा: पूर्ण वाक्य बिनचूक येण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास. तेव्हा सईला सांगा, तिने दहापैकी आठ सोडवले असतील तर रडू नये. यंत्र लाखो शब्द बघून शिकतं, तेही शेजारचे शब्द बघूनच. खुर्चीच बघतं ते, मास्तर.

जी_प्रत्यय_जी
यंत्राला फुली कोण मारतं?

कोडवाला
आम्ही. आणि टॅग लावणाऱ्या दोन माणसांचंही एकमेकांशी पूर्ण जमत नाही. दॅट आणि ॲजवरून तर भांडणं होतात.

शब्दवेल्हाळ
अवांतर: उच्चारावरूनही जात कळते कधी कधी. रेकॉर्ड म्हणताना आघात पहिल्या अक्षरावर असेल तर नाम, दुसऱ्यावर असेल तर क्रियापद. ऑब्जेक्ट, परमिट, प्रेझेंट यांचंही तसंच. 'यूज' चा शेवट स सारखा असेल तर नाम, झ सारखा असेल तर क्रियापद. 'हाउस'चंही तेच. आपण सगळं एकाच सुरात म्हणतो, म्हणून ऐकणारा गोऱ्हं कुठलं, गाय कुठली ते शोधत बसतो.

रातकिडा
बातमी वाचणारी बाई रेकॉर्ड दोन तऱ्हांनी म्हणते ते मला आजवर तिची चूक वाटायची. क्षमस्व बाई.

चष्मेबद्दू
होमचं काय झालं पण? धागाकर्तीचा अर्धा प्रश्न तसाच राहिला.

बोरू_बहाद्दर
हो की. 'शी वेंट स्कूल' म्हणता येत नाही, 'टू स्कूल' लागतं. 'शी वेंट टू होम' मात्र चूक. म्हणजे होम इथे नामासारखं वागत नाही. होम काढून 'देअर' घाला, 'अब्रॉड' घाला, बिनबोभाट बसतात. म्हणून शाळेच्या हिशेबात ॲडव्हर्ब.

पण सईचं उत्तर अगदीच हवेतलं नाही. आपण म्हणतो 'ती घरी गेली'. 'घरी' काय आहे? नाम, सप्तमी विभक्ती. जुन्या इंग्रजीत हे होमही नामच होतं, 'कडे' या अर्थाच्या विभक्तीत. विभक्त्या गेल्या, सवय तेवढी उरली. आणि २००२ मध्ये केंब्रिजने छापलेल्या हडलस्टन आणि पुलम यांच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात तर असल्या होमला प्रीपोझिशन म्हटलंय, मागे नाम नसलेलं प्रीपोझिशन. तीन उत्तरं, तिन्हींना वकील मिळेल. परीक्षेत ॲडव्हर्ब लिहावं.

तिरकस_तात्या
'परीक्षेत अमुक लिहावं' हा या धाग्यातला सर्वांत उपयुक्त व्याकरणाचा नियम.

सईची_आई
चार दिवसांनी हजर. अहवाल देते.

शेपटी-खुर्ची जबरदस्त चाललं. क्विक-क्विकलीची कसोटी तिने स्वतःच पुढे वाढवली, आता गुड आणि वेल घेऊन फिरते. बाबांना काल 'यू सिंग गुड नाही, वेल' असं सुनावलं. खरं तर ते वेलही गात नाहीत.

मग मी एक प्रयोग केला. याद्या बंद, अर्थच नसलेलं वाक्य दिलं: 'द ग्लॉर्पी ब्लिक्स ट्रंडेड स्मिकली इंटू अ झॉफ.' एकही शब्द ओळखीचा नाही, बारके तीन-चार सोडून. दोन मिनिटांत म्हणाली, ब्लिक्स नाउन, कारण आधी 'द' आहे आणि मागे एस. ट्रंडेड व्हर्ब, मागे ई-डी. ग्लॉर्पी मधल्या खुर्चीत, ॲडजेक्टिव्ह. स्मिकली ॲडव्हर्ब. झॉफ नाउन. मी बघतच राहिले. "ब्लिक म्हणजे काय ते माहीत नाही, पण ते झॉफमध्ये गेले हे नक्की," हे वर.

नंतर तिने मराठीत उलटा डाव टाकला: 'झुमकट भिंगरू टपाळत आलं.' म्हणाली, सांग. सांगितलं. मराठीत शेपटीवरून मला क्षणात कळलं, अगदी भिंगरू नपुंसकलिंगी आहे इथपर्यंत.

निवृत्त_मास्तर
ताई, नोकरीत असतो तर हे वाक्य दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं असतं. एक सुचवतो. पुढच्या वेळी बारके शब्द आणि शेपट्या काढून टाका आणि बाकीचं ठेवा: 'ग्लॉर्प ब्लिक ट्रंड स्मिक झॉफ'. बघा तिला काही सापडतं का. नाही सापडणार. इंग्रजी वाक्याचा सांगाडा त्या द, अ, इंटू आणि एस-ईडीतच असतो, आणि नेमकी आपली मुलं लिहिताना तेच गाळतात.

पोथीनिष्ठ
वाचनखूण साठवली. भिंगरू आवडलं.

सईची_आई
करते. पण आत्ता एक नवी भानगड. झोपायला जाताना तिने विचारलं, 'आय वाँट टू स्लीप' मधला टू कोण? प्रीपोझिशन म्हटलं तर पुढे नाम हवं. मग स्लीप नाम झालं? पण ते तर झोपणं, आणि 'आय वाँट टू ईट' मध्ये ईट तर नाम नाहीच, 'द ईट' होत नाही. तिने कसोटी लावून दाखवली. मी "उद्या सांगते" म्हणून दिवा मालवला. सकाळी साडेसहाच्या आत उत्तर हवं.

बोरू_बहाद्दर
मुळात प्रीपोझिशनच होता, आता नाही. 'आय गो टू स्कूल टू लर्न' यात पहिला टू प्रीपोझिशन, दुसरा नुसता क्रियापदाच्या मूळ रूपाची खूण. कोणी त्याला पार्टिकल म्हणतं, कोणी आणखी काही. आठांच्या तक्त्यात त्याला घर नाही.

वटवट_सम्राट
अडगळीची खोली?

निवृत्त_मास्तर
तिथेही नाही घेत त्याला.

कोडवाला
आमच्या पेन ट्रीबँकवाल्यांनी हा वाद घातलाच नाही. त्यांनी टूला स्वतःचा वेगळा टॅग दिला, टी-ओ. दोन्ही टूंना तोच. टूची जात टू.

सईची_आई
सांगितलं तिला. म्हणते, हेच परीक्षेत लिहिणार.

रातकिडा
फुलीचा फोटो टाका.